पहिलं ‘नको’

माझ्या वडिलांनी पहिल्या विचारण्याला कधी ‘हो’ म्हटल्याचं मला आठवत नाही. चहा घेता का? नको, आत्ताच झाला. बसा ना. नको, निघतोच आहे. आणि मग हे निघालेले गृहस्थ दोन कप चहा, बशीभर चिवडा आणि वर जेवणही उरकून घरी येत. नागपूरला होतो तोवर यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण समोरचाही त्याच शाळेत शिकलेला. त्याने पुन्हा पुन्हा विचारायचं, आपण नको नको म्हणायचं, आणि शेवटी ‘बरं, अगदी थोडं’ म्हणत ताट पुढे करायचं. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा माणूस हावरट आणि एकदाच विचारून गप्प बसणारा कंजूष, असा हिशोब होता. आई पुण्याची. तिला हा सगळा प्रकार पोरकट वाटे. ‘हवं असेल तर हो म्हणावं, नसेल तर नाही म्हणावं, नाटकं कशाला?’ ती म्हणायची. त्यावर बाबा, ‘तुमच्या पुण्यात विचारतच नाहीत, मग नाही म्हणायची वेळ येतेच कुठे?’ असं म्हणून पेपरात तोंड घालायचे. मला हे भांडण फार आवडायचं. माझं अख्खं बास्केटबॉल एक दिवस त्याच भांडणात सापडणार आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी सहावीत असताना बाबांना ॲरिझोनात, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप्स बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही तिकडे गेलो. मराठी माझं सहावीपर्यंतचं, पुढचं सगळं आईच्या बोलण्यातून आणि तिने नागपूरहून आणवलेल्या दिवाळी अंकांतून. चँडलरला सगळ्यात आधी अंगावर आलं ते ऊन, आणि त्यानंतर माझी उंची. दर उन्हाळ्यात फ्रॉक आखूड व्हायचे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काकू लोक मला बघून आईला हळूच म्हणायच्या, ‘अगंबाई, अजून वाढतेय का? नवरा कुठून आणणार?’ एका शनिवारी बाबांनी दुकानातून बास्केटबॉलची रिंग आणली आणि शेजाऱ्याची शिडी मागून ती गॅरेजच्या वर ठोकली. मला खेळाडू करायचा त्यांचा काही विचार नव्हता. ‘घरात बसून टीव्ही पाहून राहिली पोरगी, जरा बाहेर तर निघेल’ एवढंच कारण. ती रिंग थोडी डावीकडे कललेली होती आणि शेवटपर्यंत तशीच राहिली.

त्या घराचे आवाज मला अजून ऐकू येतात. एसीची घरघर, कुकरच्या शिट्ट्या, मागच्या अंगणातल्या स्प्रिंकलरचं चुकचुक आणि या सगळ्यावर गॅरेजच्या पत्र्यावर आदळणारा माझा बॉल. ऑफिसातून आले की बाबा बूट काढून चपला घालायचे आणि तशाच पँटीत रिंगखाली उभे राहायचे. त्यांना फाउल कळत नसे, ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल न आपटता पावलं टाकणं, तेही कळत नसे. बॉल खाली आला की तो माझ्याकडे परत फेकणं हेच त्यांचं काम. मी दमून ‘पुरे आता’ म्हटलं की ते म्हणायचे, ‘अजून एक. एकच. माझ्यासाठी.’ तो झाला की, ‘हा काही खरा नाही, आता शेवटचा.’ पंगतीत जिलबी वाढावी तसं ते मला शॉट वाढायचे. पुढे कॉलेजात सगळे म्हणायचे की हिचा हात कधी थकत नाही. थकत कसा नाही? त्याला नकार द्यायची मुभाच नव्हती.

कॉलेजातली चार वर्षं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात सोपा काळ. हे आत्ता कळतं, तेव्हा मला तो फारच कष्टाचा वाटत होता. मी विद्यापीठाच्या संघात गेले, दुसऱ्या वर्षापासून सुरुवातीच्या पाचांत आले आणि तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या हॉलमध्ये माझ्या नावाच्या पाट्या दिसू लागल्या. नाव म्हणजे नुसतं ‘रेव्ह’, कारण रेवती पिंपळापुरे हे नाव माइकवर पूर्ण म्हणायच्या नादात निवेदकाचा एकदा श्वास संपला होता. आई-बाबा प्रत्येक मॅचला यायचे. स्टीलच्या डब्यात पोळी-भाजीचे रोल असायचे आणि बाबा ते आजूबाजूच्या अमेरिकन लोकांच्या हातात कोंबायचे. आई, एरवी इतकी मोजून बोलणारी, उभी राहून ओरडायची, ‘अगं टाक ना! बघतेस काय!’ आणि मी टाकायचे. इतकं असूनही मंडळात गेलं की प्रश्न ठरलेला. ‘छान खेळतेस हं. पण मेजर काय?’ मी इंजिनिअरिंग सांगितलं की समोरच्या काकांचा चेहरा खुलायचा. माझ्या खेळाकडे ते सगळे एखाद्या मुलीच्या भरतनाट्यमकडे बघावं तसं बघत. लग्नापर्यंत चालेल. याचा मला इतका संताप यायचा की त्या संतापावर मी दोन-तीन मॅच सहज काढल्या असतील.

कॉलेज संपताना व्यावसायिक लीगचे संघ आपापल्या मुली निवडतात आणि ती निवड टीव्हीवर दाखवतात. त्या दिवशी आमच्या घरी हॉलमध्ये मंडळातली बरीच मंडळी जमली. आईने समोसे केले होते. एकेक नाव येत गेलं, मी ज्यांना हरवलं होतं त्यांचीही आली, माझं आलं नाही. टीव्ही बंद झाल्यावर कुणीतरी म्हणालं, ‘जाऊ दे गं, आता मास्टर्स कर.’ मी वर जाऊन दार लावून घेतलं. खाली समोसे संपल्याचं मला जिन्यातल्या आवाजांवरून कळत होतं.

आणि मग काही दिवसांनी आमच्या कॉलेजच्या कोचचा फोन आला. शिकागोकडच्या एका संघाची असिस्टंट कोच, लॉरा, कामासाठी ॲरिझोनात आली होती. त्यांच्या संघातली एक फॉरवर्ड आजारी पडली होती आणि त्यांना सीझनआधीच्या कॅम्पसाठी माझ्या जागेवर खेळणारी मुलगी हवी होती. लॉरा घरी येऊन आई-बाबांशी बोलणार होती. आमच्या कोचने तिला बजावलं होतं की इंडियन घरात वडिलांचा मान मोठा असतो, आधी त्यांच्याशी बोल. कोचने हे भल्यासाठीच सांगितलं, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. कुणालातरी दोष द्यायला मिळाला असता तर इतकी वर्षं मी जरा बरी झोपले असते.

आईने आदल्या रात्रीच दही फडक्यात बांधून सिंकच्या नळाला टांगलं होतं. श्रीखंड, पुरी, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि बाबांच्या हट्टाखातर नागपुरी वडाभात. लॉरा आली. उंच, आखूड केसांची, मोठ्याने हसणारी. बूट दारात काढायचे हे तिने आमचे पाय बघून ओळखलं, तेव्हाच बाबा खूश झाले. तिने सगळं चवीने खाल्लं. दोन पुऱ्या झाल्यावर बाबांनी तिसरी उचलली. ‘नो, थँक यू, आय ॲम फुल,’ ती म्हणाली. बाबांनी पुरी तिच्या पानात ठेवली. ती हसली आणि खाल्ली. चौथीला तिने पानावर हात आडवा धरला. बाबांनी हाताच्या बाजूने पुरी आत सरकवली. ‘बाबा, शी सेड नो,’ मी म्हणाले. ‘असंच म्हणतात, लाजते ती,’ बाबा मराठीत म्हणाले. लॉराने तीही खाल्ली, पण आता ती पुरीकडे जरा घाबरून बघत होती.

मग पाणी पिऊन तिने खुर्ची थोडी मागे घेतली आणि बाबांकडे वळून ती मुद्द्याचं बोलली. मिस्टर पिंपळापुरे, आम्हाला रेव्ह कॅम्पला हवी आहे. तिच्या जागेवर आत्ता आमच्याकडे कुणी नाही. ती संघात राहील याची खात्री मी देऊ शकत नाही, पण माझं मत विचाराल तर राहील. पुढच्या आठवड्यात यावं लागेल. तुमची परवानगी आहे का?

बाबांनी दोन्ही हात हलवले, चेहऱ्यावर तेच पाहुण्याकडचं संकोची हसू आणलं आणि म्हणाले, ‘नो, नो. व्हाय सो मच ट्रबल फॉर अस? शी हॅज टू डू मास्टर्स ऑल्सो. प्लीज गिव्ह द चान्स टू सम अदर गर्ल.’

मी ‘बाबा!’ म्हणून जवळजवळ किंचाळले. ते ओठ न हलवता पुटपुटले, ‘थांब नं जरा. विचारते ती परत.’ आणि खरं सांगायचं तर मीही थांबले, कारण मी त्याच घरात वाढले होते. एवढी लांबून आलेली, आमची पुरी खाल्लेली बाई परत विचारणार नाही ही कल्पनाच मला शक्य वाटली नाही. लॉराने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. आई हातातला डाव तसाच धरून बाबांकडे बघत होती. मग लॉराने मान हलवली. ‘आय कम्प्लीटली रिस्पेक्ट दॅट, सर,’ ती म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली. आणि श्रीखंडाची वाटी जवळ ओढली.

पुढची पंधरा-वीस मिनिटं आम्ही ॲरिझोनातल्या उन्हाबद्दल बोललो. बाबा वाट बघत होते. ते मुद्दाम माझ्या खेळाचा विषय काढत होते, जणू दार थोडं उघडून ठेवत होते, आणि ती बिचारी सभ्य बाई त्या दारातून आत यायला धजत नव्हती. निघताना आईने डबाभर श्रीखंड पुढे केलं. ती म्हणाली, अरे नाही, नको, कशाला. बाबांनी डबा तिच्या हातात दिला, तिची बोटं त्याच्यावर मिटली आणि तिला गाडीपर्यंत पोचवलं. अशा रीतीने ती आमचं श्रीखंड घेऊन गेली आणि मला ठेवून गेली.

बाबांना रात्रभर खात्री होती. ‘उद्या फोन येते पाहा. घरी जाऊन विचार करेल ती.’ त्यांनी कॉर्डलेस फोन डायनिंग टेबलावर आणून ठेवला. घंटा वाजली की पहिल्याच ठोक्याला उचलायचे आणि कुणीतरी गालिचे धुऊन देण्याबद्दल बोलायला लागायचं. मी म्हटलं, मी करते फोन. तर म्हणाले, ‘आपण होऊन फोन केला की किंमत राहत नाही.’ तेव्हा आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘किंमत ठेवा तुमची फडक्यात बांधून टांगून,’ ती म्हणाली. ‘त्या बाईने एकदा विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. संपलं. त्यांच्यात नाही म्हणजे नाही असतं हो! आमच्यातसुद्धा असतं!’ आईचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. मॅचलासुद्धा नाही.

मी वर जाऊन लॉराला फोन लावला. ती फार चांगलं बोलली. तिने त्याच रात्री हॉटेलवरून दुसऱ्या मुलीला बोलावलं होतं. दिवस थोडे होते. ‘तुझ्या डॅडनी नाही म्हटलं. मी पुन्हा विचारणं म्हणजे त्यांच्यावर दबाव आणणं झालं असतं,’ ती म्हणाली. मी तिला म्हटलं की ते ‘नाही’ खरं ‘नाही’ नव्हतं. ‘मग खरं कोणतं असतं?’ तिने विचारलं. चेष्टेने नाही, तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. मी थँक यू म्हणून फोन ठेवला.

खाली येऊन मी बाबांना जे बोलले ते सगळं लिहीत नाही. तुमचा मोठेपणा, तुमचे मानपान, तुमचं नागपूर, सगळं काढलं. ते खाली मान घालून टेबलावरचा प्लास्टिकचा रुमाल सरळ करत बसले होते. मला त्यांनी उलट बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. ते फक्त म्हणाले, ‘मला वाटलं, तिला तू खरंच पाहिजे असशील तर ती विचारेल.’ आजही हे वाक्य आठवलं की मला राग येतो, आणि त्या रागाचं काय करावं हे अजून कळलेलं नाही.

त्यानंतर आमच्या घरातला आग्रह संपला. बाबा कुणालाही एकदाच विचारू लागले. पाहुणा सवयीने नको म्हणाला की ते ‘बरं’ म्हणून भांडं खाली ठेवायचे. मंडळातले लोक आमच्याकडून अर्धपोटी घरी जाऊ लागले. आईच, जिने जन्मभर आग्रहाची टवाळी केली, ती गुपचूप उठून त्यांच्या पानात वाढायची. रिंगखालीही बाबा येईनासे झाले. एकदा मी मुद्दाम मोठ्याने ‘पुरे आता’ म्हटलं. खिडकीत त्यांची सावली होती. ती हलली नाही.

पुढच्या वसंतात मी स्वतः लॉराला फोन केला. प्रस्तावना वगैरे काही नाही. मला यायचंय, येऊ का, एवढंच. ये, ती म्हणाली. मी कॅम्पला गेले, राहिले, आणि व्यावसायिक खेळाडू झाले. हे वाक्य लिहायला जितकं भारदस्त वाटतं तितकं ते जगायला नव्हतं. माझ्या जागेवर आता तीच मुलगी खेळत होती, जिला लॉराने हॉटेलवरून बोलावलं होतं. कॉलेजात मी तिला दोनदा धुतलं होतं. पण तिला एक पूर्ण सीझन मिळाला होता, ती मोठी झाली होती, आणि मी वर्षभर कलत्या रिंगवर सराव करून आले होते. मी शिकागोजवळ शॉमबर्गला बाबांच्या वर्गमित्राकडे, पाठककाकांकडे, तळघरातल्या खोलीत राहायचे. पाठककाकू रोज विचारायच्या, ‘खेळवलं का गं आज?’ मी म्हणायचे, ‘चार मिनिटं.’ ‘घे, मग आणखी एक पोळी घे,’ काकू म्हणायच्या. बाकावर बसून मी टाळ्या वाजवायला शिकले, टॉवेल द्यायला शिकले. एकदा लॉरा स्वतःहून म्हणाली, ‘त्या वर्षी आली असतीस तर, रेव्ह, त्या वर्षी ती जागा रिकामी होती.’ मी म्हटलं, आय नो. आणि बुटांच्या नाड्या पुन्हा बांधल्या. दुसऱ्या सीझनमध्ये सरावात मी कुणाचाही धक्का न लागता पडले आणि गुडघ्यातला लिगामेंट गेला.

आता मी शाळेतल्या मुलींना बास्केटबॉल शिकवते. एखादीला म्हटलं, तू खेळतेस का आज, आणि ती ‘नो, आय ॲम गुड’ म्हणाली, की मी पुन्हा विचारते. त्या एकमेकींकडे बघून डोळे फिरवतात. फिरवू देत.

पण तेव्हा, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर, मी चँडलरला आले. घरात कुबड्या, बर्फाच्या पिशव्या आणि आईचा मेथीचा लाडू. वसंतापर्यंत मी कुबड्या टाकल्या आणि रिंगसमोर जागेवर उभं राहून शॉट मारू लागले. उडी नाही, नुसता हात. एका दुपारी मी अशीच बाहेर होते, मोबाइल आत चार्जिंगला. घरातला फोन वाजला आणि पहिल्याच ठोक्याला थांबला. मला उघड्या दारातून बाबांचा आवाज ऐकू आला. ‘येस! येस, लॉरा! येस, शुअर!’ मध्ये थोडी शांतता, आणि परत, ‘येस, येस, शी विल कम! व्हाय नॉट! डेफिनेटली येस!’ मग ते बाहेर आले. अनवाणी, त्या तापलेल्या सिमेंटवर. ‘फोन आला,’ ते म्हणाले. श्वास लागला होता त्यांना. ‘लॉराचा. तुला लगेच फोन करायला सांगितलं. मी होच म्हणून टाकलं. तिचं बोलणं पूर्णही नाही होऊ दिलं. यावेळी नको नाही म्हटलं मी.’

त्यांचे पाय भाजत होते, आणि ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत हसत होते. मी आत जाऊन लॉराला फोन लावला. माझ्या मोबाइलवर तिचे दोन फोन येऊन गेले होते. संघ मला मोकळं करत होता. गुडघ्याचा डॉक्टरी अहवाल, नव्या मुली, सगळं तिने नीट सांगितलं. तिचा आवाज जड झाला होता. ‘मी तुझ्या डॅडना सांगायचा प्रयत्न केला,’ ती म्हणाली. ‘पण ते सारखे येस म्हणत होते. मला पुढे बोलवेना.’

मी बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरात तेल तापलं होतं. बाबांनी आईला पुऱ्या करायला लावल्या होत्या. मी उभ्या उभ्या सांगितलं, एका वाक्यात. आईने गॅस बारीक केला. बाबा खुर्चीत बसले. मग आईने, दुसरं काय करणार म्हणून, तिघांची पानं वाढली. मी काहीतरी चिवडलं. पुऱ्यांची परात बाबांच्या हाताशी होती. त्यांनी एक पुरी उचलली आणि माझ्या पानावर धरली.

‘वाढू?’

‘नको, बाबा.’

मला वाटलं, आता ‘बरं’ म्हणून ठेवतील, गेली तीन वर्षं ठेवत होते तशी. त्यांनी ठेवली नाही. पुरी तशीच हातात होती, वाफ जिरून ती खाली बसत चालली होती, आणि ते माझ्याकडे बघत होते.

‘परत विचारून राहिलो,’ ते म्हणाले. ‘वाढू?’

मी पान पुढे केलं.